कुळथाची पिठी आणि एक बंद दार

कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून त्याची पिठी दळावी, ही रत्नागिरीच्या घरांतील जुनी रीत. तिच्यामागील शास्त्र उकलण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. अन्नांतील प्रथिनांचे आंतड्यांत पेप्टाइडें व अमिनो आम्लें असे तुकडे झाल्यावांचून तीं अंगीं लागत नाहींत. आणि हे तुकडे करणाऱ्या ट्रिप्सिनला अडविणारीं द्रव्यें कच्च्या कडधान्यांत असतात. उष्णतेनें त्यांचा जोर पुष्कळ ओसरतो.

कडधान्यांतील या द्रव्यांवर १९५० च्या दशकांत मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत डॉ. कमला सोहोनी यांनीं संशोधन केलें. पण १९३३ मध्यें, कमला भागवत असतांना, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम नाकारलें. त्यांच्या आग्रहापुढें एक वर्षाची परीक्षा ठरली. पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होऊं नये, अशीही अट पडली. त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षाअखेर रामन यांचें समाधान झालें व इतर स्त्रियांनाही तेथें प्रवेश मिळूं लागला. १९३९ मध्यें केंब्रिजनें त्यांना डॉक्टरेट दिली.

कोंकणच्या चुलीवर अनुभवानें ठरलेल्या रीतीचें मर्म सांगणारी ही बुद्धि एका पूर्वग्रहापायीं दाराबाहेरच राहिली असती.