आनंदीबाईंची पत्रे आणि मधले आठवडे

आनंदीबाई जोशी यांची पत्रे वर्गात शिकवताना एक गोष्ट आमच्याकडून वर्षानुवर्षे निसटत आली आहे. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते हे आम्ही सांगतो. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांचा क्रमही देतो. पण इतरांची पत्रे रोज ज्यांच्या हातांखालून जात, त्या गृहस्थांना स्वतःच्या पत्नीच्या पत्राची वाट किती पाहावी लागे, हा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, गोपाळरावांच्या रागाच्या पत्राला उत्तर त्यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांचा राग शिल्लक होता का?’ आम्ही निरुत्तर झालो.

हिशेब असा. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. टपाल त्याहून वेगाने जाई. कलकत्त्याहून मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे सुएझमार्गे आगबोट, युरोपातून इंग्लंड आणि मग अटलांटिक महासागर. तरीही एका बाजूच्या प्रवासाला महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत दोन-अडीच महिने सरत. मुंबई-लंडन समुद्री तार १८७० मध्येच सुरू झाली होती. पण शब्दागणिक आकार पडणारी ती तार कारकुनी पगाराच्या घराला मनातले बोलण्यासाठी परवडणारी नव्हती. टपाल मात्र आवाक्यात आले होते. १८७६ मध्ये हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाला, आणि परदेशी पत्रांच्या दरांना काही शिस्त लागली. आनंदीबाई त्यानंतर सातच वर्षांनी गेल्या. त्या आधीच्या पिढीत जन्मल्या असत्या, तर हा पत्रव्यवहार एवढा झाला असता का, याविषयी आम्हांला शंका आहे.

आता हे अंतर ध्यानात ठेवून पत्रे वाचावीत. थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. इकडे गोपाळरावांना वेशातला बदल म्हणजे आचारातल्या बदलाची सुरुवात वाटे; छायाचित्र पाहूनही त्यांच्या मनात शंका येत. समोरासमोर हा वाद एका संध्याकाळी मिटला असता, किंवा गोपाळरावांचा स्वभाव पाहता हातघाईवर गेला असता. टपालाने तो महिनोन्‌महिने लांबवला. आक्षेप पोहोचेपर्यंत फिलाडेल्फियातला ऋतू पालटलेला असे, आणि खुलासा पोहोचेपर्यंत श्रीरामपुरात नवा आक्षेप लिहून झालेला असे. दोघेही नेहमी जुन्या माणसाशी भांडत होते.

पण याच विलंबाने आनंदीबाईंना एक गोष्ट दिली, ती घरात कधी मिळाली नव्हती: बोलणे पुरे करण्याची मुभा. बालपणी नवऱ्याने केलेली मारहाण, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून देण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी गोपाळरावांनाच पत्रात लिहिले. ते योग्य होते की अयोग्य, याचा निवाडाही त्यांनी सोपा केला नाही. ज्या माणसाने शिकवले त्यानेच मारले, या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात ठेवण्याचे धैर्य आम्हांला त्या काळच्या मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी दिसते. मध्ये दोन समुद्र असल्याखेरीज अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला ते लिहिता आले असते असे आम्हांला वाटत नाही.

दुसरीकडे इंग्रजी पत्रे आहेत, श्रीमती कार्पेंटर यांना लिहिलेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाईंना दंतवैद्याकडे खोळंबून बसले असता एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचायला मिळाला, आणि त्यातून ओळख वाढली. भेट होण्याआधीच आनंदीबाई त्यांना पत्रांतून ‘मावशी’ म्हणू लागल्या होत्या. कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र मुख्यतः या बाजूच्या सामग्रीवर उभे आहे. काशीबाई कानिटकरांच्या मराठी चरित्रात नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार येतो. दोन पुस्तके लागोपाठ वाचली की दोन निरनिराळ्या स्त्रिया भेटल्यासारखे वाटते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ मध्ये आली आणि मराठी वाचकाच्या मनात तिसरीच स्त्री ठसली. कादंबरी म्हणून ती आम्हांला प्रिय आहे. पण तिच्या ओघात मधले आठवडे जाणवत नाहीत, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत बहुधा तीच उतरते. (उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही तिलाच गुण देत आलो, हे कबूल केले पाहिजे.)

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेला पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले, तेव्हा ते आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षअखेरीस उभयता परतले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती पुरलेली आहे.