सरासरीचा काटा

आकड्यावर माणसानं किती विश्वास ठेवावा? मी बँकेतला कारकून, मला हा प्रश्न पडायलाच नको. पण १९९८ साली, बी.कॉम. करत असताना, पिंपळनेरच्या घरी मागून आणलेल्या लाइटमीटरवर अण्णांचा फोटो काढला, तेव्हापासून तो पडतोय.

मीटरचं घराणं तसं खानदानी. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला तेव्हा असा मीटर जन्मालाही आला नव्हता. भिस्त सूर्यावर आणि डोळ्यावर! अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीनं तो बाजारात आणला १९३२ साली. आत सेलेनियमची चकती. उजेड पडला की इवलीशी वीज तयार होते आणि काटा हलतो. ना सेल, ना किल्ली! मग तबकडी फिरवायची आणि भिंगाचं तोंड किती उघडायचं, किती वेळ, ते वाचायचं.

अण्णा पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून चुन्याच्या भिंतीपुढे बसले. काटा उसळला. मी आज्ञाधारकपणे भिंगाचं तोंड आवळलं. फोटो आला तो भिंत राखाडी आणि अण्णा काळेठिक्कर!

गावातला फोटोग्राफर हसला. “भाऊ, मीटरला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं वाटतं. चेहरा हवा असेल तर तो चेहऱ्याजवळ नेऊन वाचायचा.”

दुसरा फोटो काढायचा राहूनच गेला. आज भिंतीवर तोच आहे. आई हार घालताना म्हणते, “चेहरा नाही दिसत, पण बसायची ऐट त्यांचीच.”