रक्ताचा डॉक्टर कॅन्सरचा कसा झाला?

नंदिनी नगरहून बोलतोय. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणारी खाण जिथं आहे, तेच हे गाव. दुर्ग जिल्ह्यात मराठी घरं बरीच आहेत, आणि त्याला कारण आहे. १९५६पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. आजही घरात मोठं दुखणं आलं की पहिलं नाव नागपूरचंच निघतं.

मागच्या भागानंतर एका ताईंनी प्रश्न पाठवला. मुलाला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी ज्या तज्ज्ञांकडे पाठवलं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं, 'रक्तविकार व कॅन्सर तज्ज्ञ'. ताई विचारतात, "आम्हाला काही सांगायचं लपवलंय का? सिकलसेल म्हणजे कॅन्सर नाही ना?"

नाही ताई, सिकलसेल हा कॅन्सर नाही. पण ही दोन नावं एका पाटीवर का आली, ही गोष्ट मोठी आहे, आणि तिचं एक टोक चक्क मुंबईत सापडतं. मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा इतिहासच सांगतो.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा ॲनिमिया व्हायचा. तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं फुगलेल्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिलं आणि तसाच आहार आधी उंदरांना, पुढे माकडांना देऊन पाहिला. यकृताचा अर्क त्या काळी ॲनिमियावर गाजत होता, पण तो महाग. शेवटी गुण आला मार्माइटनं! मार्माइट म्हणजे यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट पदार्थ. विलायतेत पावाला लावून खातात. १९३१मध्ये त्यांनी हे छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नाही. पुढे कळलं, ते फोलेट. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचं मूळ परळचं.

आता इथून अमेरिकेत चला. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, मूळ भीमावरमचे. त्यांच्या गटानं १९४५च्या सुमारास फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरशी, झगडत होते. ॲनिमियाला फोलेट चालतं तर इथंही देऊन पाहू, म्हणून त्यांनी दिलं. झालं उलटंच. रोग भडकल्यासारखा दिसला. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. फार्बरनी विचार केला की फोलेटनं रोग पोसला जात असेल, तर फोलेट अडवणारं औषध दिलं तर? सुब्बारावांच्या गटानं असं औषध बनवलं, ॲमिनोप्टेरिन. १९४८मध्ये फार्बरनी निकाल छापला. १६ मुलांना दिलं, त्यातल्या १०जणांत रोग काही काळ मागे हटला. काही काळच, पण त्याआधी तेवढंही कुणाला जमलं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

थोडं आणखी मागं गेलं तर १९४२मध्ये येल विद्यापीठात लिम्फोमावर पहिला प्रयोग झाला तो मस्टर्ड वायूच्या एका चुलतभावाचा. का? तर या विषानं माणसाच्या पांढऱ्या पेशी घटतात हे दिसलं होतं.

म्हणजे कॅन्सरवरची औषधं रक्ताच्या वाटेनं आली. आणि ते साहजिकही होतं. फुप्फुसातली गाठ रोज काढून बघता येत नाही, पण रक्ताचा थेंब रोज काचपट्टीवर घेता येतो. औषध लागू पडलं की नाही, पेशी मोजल्या की कळतं. ज्याला पेशी मोजता येत होत्या, तोच केमोथेरपी द्यायला शिकला. रक्तविकारवाला डॉक्टर असा कॅन्सरकडे ओढला गेला. अमेरिकेत १९७२मध्ये रक्तविकारांची आणि १९७३मध्ये मेडिकल ऑन्कोलॉजीची वेगळी परीक्षा सुरू झाली. परीक्षा दोन, पण तीन वर्षांच्या एकाच फेलोशिपमध्ये दोन्हींचं शिक्षण घ्यायची रीत तिथं रुळली.

फेलोशिप म्हटलं की आपल्याला शिष्यवृत्ती आठवते. इथं अर्थ निराळा आहे. पूर्ण शिकून तयार झालेला डॉक्टर पुन्हा एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उभा राहतो. कमरेच्या हाडातून मगज काढतो, पेशी ओळखतो, औषधाचा डोस बसवतो, आणि पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या पेशंटला रात्री दोनला ताप आला तर काय करायचं ते शिकतो. पुस्तकात हे सगळं छापलेलं असतं, तरी हाताखाली उभं राहावंच लागतं.

आपल्याकडे हे कसं आलं त्याचं ठळक उदाहरण डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. ते सिॲटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे बोन मॅरो ट्रान्सप्लांट शिकले (थॉमस यांना पुढे, १९९०मध्ये, नोबेल मिळालं) आणि १९८३मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट केलं. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. पण दर वेळी सिॲटल गाठायचं म्हटलं तर कितीजण गाठणार? पुढच्याच वर्षी चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मेडिकल ऑन्कोलॉजीचा डीएम अभ्यासक्रम सुरू झाला. आपण मात्र मोठ्यांसाठी वाटा वेगळ्या ठेवल्या. कॅन्सरचा डीएम निराळा, रक्तविकारांचा निराळा. लहान मुलांसाठी दोन्ही एकत्र शिकवणारं प्रशिक्षण आपल्याकडेही आहे. आणि वेळ किती लागतो? एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. साडेअकरा वर्षं, तीही कुठं न अडकता.

आता आमच्या मुलखाकडे येतो. सिकलसेल भारतात प्रथम नोंदला गेला १९५२मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. १९५८मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद लॅन्सेटमध्ये छापली. फेब्रुवारी १९५९मध्ये भिलाईचा पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला. म्हणजे हा पट्टा पोलादासाठी नकाशावर येत होता, तेव्हाच इथल्या रक्तातला विळाही डॉक्टरांना दिसला होता. आणि हा आजार फक्त आदिवासींचा, असं कुणी म्हणालं तर मानू नका. गावातल्या अनेक जातींत तो आहे.

त्यावरचं मुख्य औषध कोणतं? हायड्रॉक्सीयुरिया. मूळचं रक्ताच्या कॅन्सरचं! १९९५मध्ये अमेरिकेत २९९ मोठ्या माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला. सिकलसेलच्या वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. त्याआधी, १९८४मध्ये, मेम्फिसला सिकलसेल आणि ल्युकेमिया दोन्ही असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ल्युकेमियासाठी मगज दिला, तर सिकलसेलही गेला. ताई, तुमच्या तज्ज्ञांच्या पाटीवर दोन नावं आहेत ती यामुळे.

पण हे घरच्यांना सांगायला कुणी हवं. आमच्याच गल्लीत एका मुलीला हे औषध सुरू झालं. मामानं मोबाइलवर नाव शोधलं, 'कॅन्सर' शब्द दिसला, आणि आजीनं गोळ्या डब्यात बंद केल्या. दोन महिन्यांनी पोर पाय धरून रडत होती. आजीचं काय चुकलं म्हणायचं? तिला चार वाक्यं समजावून सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं.

१ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट. तपासणी हवीच. पण कार्ड हातात पडल्यावर पुढं बघणार कोण? हायड्रॉक्सीयुरियानं पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून रक्त मोजत राहावं लागतं आणि डोस वर-खाली करावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच पेशी मोजण्याचं कसब. माझ्या मते प्रत्येक तालुक्याला डीएम मिळायची वाट बघण्यात अर्थ नाही. जिल्हा रुग्णालयातल्या एमडी डॉक्टरला आणि बालरोगतज्ज्ञाला सहा महिने मोठ्या रक्तविकार विभागात उभं करा. ट्रान्सप्लांट त्यांनी करू नये, पण गोळी त्यांनी सांभाळावी. मुलाला घेऊन दर वेळी नागपूरची गाडी धरायची तर जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या वर पडतात, आणि बापाचे दोन दिवस बुडतात ते वेगळेच.

तर ताई, पाटी बघून परत फिरू नका. जाताना मागचे सगळे सीबीसीचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. औषध सुरू होण्याआधीचा एक आणि नंतरचे सगळे. डॉक्टर आधी तेच मागतील.