सायकलीसाठी चाकांचा दुसरा संच : निवडताना तपासावयाच्या बाबी

डांबरी रस्ता आणि खडबडीत वाट, अशा दोन्ही मार्गांवर एकच सायकल वापरणारे अनेकजण चाकांचा दुसरा संच बाळगतात. मात्र हा संच मूळ सायकलीशी जुळत नसल्यास ब्रेक निकामी ठरण्याचा धोका संभवतो.

सर्वप्रथम टायरवर मिलिमीटरमध्ये छापलेला रिमचा व्यास पाहावा. ६२२ हा आकडा ७००-सी तसेच २९ इंची चाकांचा, तर ५५९ हा २६ इंची माउंटन सायकलींचा होय. रिम ब्रेक असल्यास व्यास आणि रिमची रुंदी मूळ चाकाइतकीच असावी. अन्यथा ब्रेकचे रबर टायरवर घासू शकते. डिस्क ब्रेक असल्यास दोन्ही संचांतील डिस्कचा व्यास समान असावा.

मागील हबची रुंदी रिम ब्रेकच्या आधुनिक रोड सायकलींत सहसा १३० मिलिमीटर, तर थ्रू-ॲक्सल असलेल्या डिस्क ब्रेकच्या रोड सायकलींत १४२ मिलिमीटर असते. शिमानोची ११ गिअरची रोड कॅसेट सर्वसाधारणपणे १० गिअरच्या हबवर बसत नाही. याउलट १० गिअरची कॅसेट ११ गिअरच्या हबवर योग्य जाडीची चकती घालून बसवता येते.

झिजलेली साखळी नव्या कॅसेटवर घसरते, हेही ध्यानात ठेवावे. चाके बदलल्यावर प्रत्येक वेळी ब्रेक तपासूनच प्रवासास निघणे हितावह ठरते.