मुदतीतला नोकर

राजीनामा लिहून दिला आहे, पण त्याची मुदत अजून सरलेली नाही, अशा अवस्थेतला नोकर धन्याच्या मनातून उतरलेला असतो आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र पुरता नोकरच असतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या सकाळी त्याच्या हाती लखोटा पडतो की, आपल्या वर्तनाची चौकशी योजिली असून ती पुरी होईतोवर आपण कामावर येऊ नये. आणि नव्या जागी तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायचे ठरलेले असते, व तेथे जुन्या धन्याचे मुक्ततापत्र दाखल करायचे असते. कामही नाही आणि सुटकाही नाही, अशी ही कोंडी आजकालच्या कंपन्यांनी शोधून काढली असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तिची घडण जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी नोकराच्या अपराधापेक्षा धन्याकडे अडकून पडलेल्या नोकराच्या पैशाचा व दिवसांचा प्रश्न आहे.

पेशवाईत हा गुंता उघडपणे रुपयांतच मांडलेला असे. परगण्यावर नेमलेला कमावीसदार वसुलापोटी काही रक्कम सरकारात आगाऊ भरी, तिला रसद म्हणत, आणि ती त्याने पुढे वसुलातून फेडून घ्यावयाची असे. मामलत मध्येच दूर झाली तर राहिलेल्या रसदेची तजवीज नव्या कमावीसदाराकडून व्हावयाची, पण हिशेबाचा झाडा दिल्यावाचून जुन्याचा पाय मोकळा होत नसे. त्यातून त्याच्याच कचेरीत बसणारे मजुमदार, फडणीस, दफ्तरदार हे दरकदार हुजुरातून नेमलेले असल्याने त्यांना परस्पर काढण्याची मुखत्यारी त्याला नव्हती, म्हणजे जाणाऱ्याच्या हिशेबावर नजर ठेवणारे लोक जागच्या जागी कायम राहत.

इंग्रजी अमलात चाकरीचा करार कागदावर आला आणि त्याच्या मागे फौजदारी उभी राहिली. १८५९ चा तेरावा कायदा मुळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतल्या कारागिरांसाठी व मजुरांसाठी झाला, व पुढे तो इतरत्र पसरला. उचल घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे खेचावे, त्याने पैसे परत करावेत किंवा ठरलेले काम पुरे करावे, आणि हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात जावे, असा त्याचा आशय होता. धन्याने करार मोडला तर त्याला तुरुंग दाखवणारे कलम मात्र त्यात नव्हते. हा कायदा १९२५ साली रद्द ठरून १९२६ मध्ये इतिहासजमा झाला, पण तोपर्यंत काम सोडणे म्हणजे काही तरी अपराध करणे, ही समजूत धन्यांच्या दोन पिढ्यांत मुरली होती.

मुंबईच्या गिरण्यांत तुरुंगाची गरजच नव्हती, कारण तेथे पगारच ओलीस ठेवलेला असे. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीची उभारणी हाती घेतल्यानंतर तीसएक वर्षांत परळ-लालबागच्या बाजूला जी गिरण्यांची वस्ती वाढली, तीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर, आणि कित्येकदा त्याहूनही उशिरा, हाती पडे. या एका रिवाजाचा परिणाम जरा जवळून पाहण्यासारखा आहे. एखाद्या साचेवाल्याला शेजारच्या गिरणीत दोन रुपये अधिक मिळणार असल्याचे कळले आणि महिन्याच्या दहा तारखेला त्याने जावयाचे मनात आणले, तर त्या दिवशी मागचा पुरा महिना आणि चालू महिन्याचे दहा दिवस, अशी चाळीस दिवसांची मजुरी गिरणीच्या तिजोरीत राहिलेली असे. महिन्याची नोटीस न देता गेला तर ती बुडाली. नोटीस दिली तर तो महिना मुकादमाच्या मर्जीवर काढावयाचा. हा मुकादमच माणसे भरती करी, तोच काढी, आणि दोन्हीकडे दस्तुरी खाई; त्याच्या मनात आले की साच्यावर बदलीवाला उभा राही आणि जाणारा घरी बसे, आणि घरी बसलेल्या दिवसांचे खाडे पगारातून वजा होत. ह्याला कोणी निलंबन म्हणत नसे, त्याचा लेखी हुकूमही निघत नसे, परंतु आजच्या लखोट्याने जे साधते ते सगळे त्यात साधत होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज केला, त्यात रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या जोडीला मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशीही मागणी होती. सुटीची मागणी सर्वांच्या ध्यानात राहिली. पगाराच्या तारखेची मागणी फारशी कोणी आठवत नाही. माझ्या मते मात्र कामगाराच्या स्वातंत्र्याशी अधिक निकटचा संबंध या दुसऱ्या मागणीचा होता, कारण धन्याकडे जितके दिवस थकलेले, तितकी त्याची पकड घट्ट.

ती पकड सैल व्हायला १९३६ चा वेतन कायदा यावा लागला. हजाराहून कमी माणसे असलेल्या कारखान्याने सातव्या दिवसाच्या आत व मोठ्या कारखान्याने दहाव्या दिवसाच्या आत पगार वाटावा, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, आणि धन्याने कोणास काढले तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी त्याचा हिशेब चुकता करावा, असे त्यात लिहिले गेले. ही शेवटची सवलत धन्याने काढलेल्याला होती. आपण होऊन राजीनामा देणाऱ्याचे नाव त्या कलमात नव्हते, आणि ते दोन दिवसांच्या हिशेबात घालण्यासाठी २०१९ ची वेतनसंहिता व्हावी लागली. मधल्या काळात १९३८ च्या मुंबईच्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने आणि १९४६ च्या मध्यवर्ती कायद्याने कारखान्यांना आपले स्थायी आदेश लिहून मंजूर करून घेणे भाग पाडले. मध्यवर्ती नमुना-आदेशांत शिक्षा म्हणून द्यावयाचे निलंबन एका वेळी चार दिवसांहून अधिक नसावे असे बंधन आले, आणि मुकादमाचे ‘घरी बस’ प्रथमच तारीख, कारण आणि सही यांच्या कचाट्यात सापडले.

परंतु लिहिलेला नियमच नसेल तर धन्याने नोकराला कामाविना व पगाराविना बसवून ठेवावे काय? विलायतेत १९१५ साली हा प्रश्न एका दिवसापुरता निघाला होता. रजा न घेता गैरहजर राहिलेल्या कामगाराला धन्याने दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिले नाही व त्या दिवसाची मजुरी कापली. कोर्टाने म्हटले की, करार मोडावयाचा होता तर मोडायचा होता, पण तो चालू ठेवल्यावर मजुरी देणे प्राप्त आहे. एका दिवसाच्या मजुरीसाठी वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या माणसाच्या चिकाटीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. दिल्लीच्या हॉटेल इम्पीरियलच्या खटल्यात १९५९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सूत्र मांडले: कामावर येऊ नको असे धनी सांगू शकतो, परंतु कराराने किंवा कायद्याने अधिकार दिलेला नसेल तर पगार थांबवू शकत नाही.

सरकारी नोकरीत अर्थात अधिकार लिहून ठेवलेलाच होता, आणि तेथे सारा झगडा तारखेचा झाला. पंजाबातल्या एका अधिकाऱ्यावर निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना निलंबनाची तार सुटली. तो रजेवर होता, तार आपणास वेळेत मिळाली नाही असे त्याचे म्हणणे, पण १९६९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हुकूम सरकारच्या हातून सुटून रवाना झाला म्हणजे पुरे, तो हाती पडण्याची वाट पाहावयाची नाही. उलटपक्षी, मुंबई मुलकी सेवा नियम ज्या गुजरातेत पुढेही चालत राहिले, तेथल्या एका अधिकाऱ्याने निवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस दिली होती, व सरकारने त्याच्यावर कारवाई आरंभली होती. त्याला १९७८ मध्ये न्यायालयाने मोकळे केले. चौकशी योजली असल्यास परवानगी नाकारण्याची मुखत्यारी नियमात होती खरी, परंतु ती नाकारल्याचे मुदत सरण्यापूर्वी त्याला स्पष्ट कळवायला हवे होते, आणि सरकारने तेवढेच केले नव्हते. नोटिशीच्या मुदतीला दोन्ही बाजूंनी सारखे बांधणारे असे वजन या निवाड्याने दिले, ते मला न्यायाचे वाटते.

निलंबित माणसाने खावे काय, याचे उत्तर निर्वाहभत्ता. त्याची कथा सगळीच मानाची नाही. मुंबई मुलकी सेवा नियमांत फौजदारी शिक्षा होऊन अपील चालू असलेल्या नोकराला दरमहा एक रुपया निर्वाहभत्ता देण्याची तरतूद होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली रद्द करीपर्यंत कायद्याच्या पुस्तकात सुखाने नांदत होती. मध्य प्रदेशातल्या एका वनक्षेत्रपालाचा भत्ता थकला असताना त्याची चौकशी जगदलपुरास लावण्यात आली; तो राहत होता रीव्यास, सुमारे पाचशे किलोमीटर दूर, आणि गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून जाऊ शकला नाही. १९७३ मध्ये ती चौकशीच निकामी ठरवण्यात आली. कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९८२ च्या दुरुस्तीने पहिल्या नव्वद दिवसांस पगाराच्या निम्मा व पुढे, दिरंगाई कामगाराची नसल्यास, पाऊण भत्ता ठरवला. सरकारी नोकराला मात्र तो घेताना आपण दुसरीकडे कोठे नोकरी वा धंदा करीत नाही, असा दाखला सही करून द्यावा लागतो. म्हणजे ज्याची नवी जागा तयार आहे, त्याने भत्ता घ्यावा तर ती जागा सोडावी, आणि जागा धरावी तर भत्ता सोडून वर जुन्या नोकरीतल्या गैरवर्तनाचा आणखी एक आरोप ओढवून घ्यावा.

हे सारे संरक्षण ज्यांना मिळाले ते कामगार आणि सरकारी नोकर. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत तीन-तीन महिन्यांची नोटीस भोगणारा, चार माणसांवर देखरेख करणारा अधिकारी स्थायी आदेशांच्या व्याख्येत बहुधा बसत नाही, व त्याचा सगळा आधार नेमणूकपत्रातली कलमे हाच असतो. तेथे विनापगारी निलंबनाचे कलम असेल तर त्याला भांडायला जागा थोडी. नसेल तर एका दिवसाच्या मजुरीसाठी भांडलेल्या त्या विलायती कामगाराचा निकाल त्याच्याही बाजूने बोलतो, आणि राजीनाम्याची मुदत त्याच्या निलंबनातही दिवसागणिक सरत राहते, निलंबनाने ती वाढते असे कलम त्याने सही केलेल्या कागदात नसेल तर.