तूप खाली रवाळ, वर पातळ : भेसळ की विज्ञान?

तुपाच्या बरणीत दोन थर दिसले की भेसळ समजा, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. त्यावर विसंबून चांगलं तूप परत करू नका. शुद्ध तुपातही थर पडतात.

तूप म्हणजे ट्रायग्लिसराइड नावाच्या अनेक प्रकारच्या रेणूंचं मिश्रण. प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलचा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. संपृक्त साखळी सरळ असते, त्यामुळे अशा साखळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसतात. असंपृक्त साखळीत दुहेरी बंध असतो आणि बहुतेकदा तिथे ती वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट कशा बसणार? फरक बघा : स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्ही आम्लांत 18 कार्बन. पण पहिलं सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळतं, दुसरं 15 अंशांच्या आसपास.

मात्र हे तेल-पाण्यासारखं वैर नव्हे. वितळलेल्या अवस्थेत दोन्ही मेद पूर्ण मिसळतात. 40 अंशांच्या वर तूप एकजीव असतं. ते निवू लागलं की सरळ साखळ्यांचे रेणू आधी रांगेत बसून स्फटिक बनवतात. वाकड्यांना त्या रांगेत जागा मिळत नाही, ते द्रवात राहतात. स्फटिक जड, म्हणून तळाशी. सावकाश निवलेल्या तुपात रवे मोठे होतात. झटपट थंड केलं तर बारीक स्फटिक होऊन तूप गुळगुळीत दिसतं. रवाळ तुपाचं कौतुक करणाऱ्यांनी बरणी लगेच फ्रिजमध्ये टाकू नये, ती यासाठी!

वाटणी अर्थात चोख होत नाही. एकाच रेणूत सरळ आणि वाकडी, दोन्ही साखळ्या असू शकतात. शिवाय तुपात ब्युटिरिक आम्लासारख्या अवघ्या 4 कार्बनच्या संपृक्त साखळ्याही असतात. ती असलेले रेणू सहसा पातळ भागातच राहतात. तेव्हा वरचा भाग म्हणजे ‘चांगला मेद’, हा समजही सोडा.

कारखान्यात हीच युक्ती मुद्दाम वापरतात. पामतेल हळूहळू थंड करायचं, गोठलेलं स्टिअरिन गाळून काढायचं; उरतं ते पामोलिन.

भेसळीची खात्री प्रयोगशाळेतच होते. बरणीतले थर नको असतील तर ती कोमट पाण्यात ठेवा, सगळं तूप वितळू द्या आणि ढवळा. अर्धवट वितळलेलं नुसतं ढवळलं तर थर पुन्हा पडतील.