चेटूक, चेडा आणि चेडू



एखादीचं मूल सारखं किरकिरतं, म्हैस अचानक आटते, की आमच्या दाभोळात अजूनही कोणीतरी हळूच म्हणतं, "चेटूक केलंय कुणीतरी." शब्द इतका सवयीचा की तो आला कुठून हे कोणी विचारत नाही. मी कॉमर्सची, भाषेचा अभ्यास माझा नाही. पण दुपारी शब्दकोश घेऊन बसलं की वेळ कसा जातो कळत नाही.

संस्कृतात ‘चेट’ म्हणजे नोकर आणि ‘चेटी’ म्हणजे दासी. प्राकृतात ‘ट’चा ‘ड’ झाला आणि ‘चेड’ म्हणजे नोकरही आणि पोरही. नवल वाटायला नको, हॉटेलातल्या नोकराला आपणही ‘पोऱ्या’ म्हणतोच. खाली मालवणकडे मुलीला ‘चेडू’ म्हणतात, गोव्यात मुलाला ‘चेडो’. आणि कोकणातल्या भुतांची यादी काढा: वेताळ, देवचार, मुंजा, गिऱ्हा; त्यातच एक ‘चेडा’. मला वाटतं, मांत्रिकाने राबवून घ्यायचं भूत ते चेडा, म्हणजे त्याचा गडी. त्याच घराण्यातले चेटूक आणि चेटकीण. मुळात शब्दात काळंबेरं काहीच नाही, सांगितलेलं काम करणारा नोकर एवढंच.

‘जादू’ मात्र फारसी. दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही काळातलं मोठं बंदर, इथून थेट होर्मुझला जहाजं जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात मायदेशी निघाला तो इथूनच. फारसी कानावर पडतच असणार. पण दोन्ही शब्दांच्या वाट्याला काय आलं पाहा. जादूगार बहुधा पुरुष, त्याच्या खेळाला आपण तिकीट काढून जातो. चेटकीण मात्र बाईच, आणि तिला गावाबाहेर काढतात. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो.

हे केवळ कुजबुजीपुरतं नव्हतं. कोणी कोणावर भूत घातलं याच्या तक्रारी पेशवाईत सरकारदरबारी जात आणि त्यांच्या चौकश्या होत.

आता आपल्या घरातलं. वैशालीच्या राजाचं नाव चेटक. आपल्या दिगंबर परंपरेत त्रिशलामाता त्यांची कन्या, श्वेतांबर त्यांना बहीण मानतात. नावाचा आणि चेटकाचा संबंध मी जोडत नाही, पण त्यांचीच कन्या चंदना कौशांबीत एका श्रेष्ठीच्या घरी दासी झाली, खरीखुरी चेटी. श्रेष्ठीच्या बायकोला संशय आला आणि तिने चंदनेला बेड्या घातल्या. पुरावा काही नाही, फक्त संशय. त्याच चंदनेच्या हातून भगवान महावीरांनी आहार घेतला आणि पुढे ती 36,000 आर्यिकांची प्रमुख झाली. ही कथा आपण आहारदानाची म्हणून सांगतो. संशयाची म्हणूनही सांगायला हवी असं मला वाटतं.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात तीन मूढता सांगितल्या आहेत: लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ‘अमूढदृष्टी’ आहेच. आपलं सुखदुःख आपल्या कर्माच्या उदयाने येतं असं रोज स्वाध्यायात वाचायचं आणि संध्याकाळी शेजारणीने लिंबू टाकलं म्हणून दार लावायचं, याचा हिशोब माझ्यासारख्या कॉमर्सवालीला तरी जुळत नाही.

डिसेंबर 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झटून 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात प्राण गमावले होते. अमकी करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं सांगून एखादीचं जगणं कठीण करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये. दूध आटवण्याचा उल्लेख अनुसूचीत अगदी स्पष्ट आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करायची. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही या कायद्यात आहे.